भरल्या पोटाचा खडस

प्राध्यापक महिपतराव सरगर यांची आणि माझी ओळख एका काळ्या चोचीने करून दिली. युद्ध सुरू होऊन वर्ष झाले होते. मी उंब्रजहून सांगलीच्या कॉलेजात नुकताच दाखल झालो होतो आणि प्राणिशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी खिशातून एक कागदाची पुडी काढून टेबलावर सोडली. आत नखाएवढी चकचकीत चोच होती. "ही कोणाची?" सरांनी विचारले. साऱ्या वर्गाने एकमुखाने सांगितले, पोपटाची. सर खूश झाले. त्यांना चुकीचे उत्तर ऐकून जितका आनंद होतो तितका बरोबर उत्तर ऐकून होत नाही, हे पुढे कळले. ती चोच होती माकूल नावाच्या समुद्रातल्या प्राण्याची. हाड नाही, काटा नाही, अंग निव्वळ मऊ. आणि तोंडात मात्र पोपटाची चोच. "मग हा खात काय असेल?" एवढे विचारून सरांनी पुडी बांधली आणि तास संपला.

उत्तर आम्हांला दिवाळीनंतर मिळाले. मे महिन्याच्या सुटीत रत्नागिरीला जाऊन सरांनी माकलांची पोटे उघडून पाहिली होती. हा प्राणी चोचीने घास इतका बारीक कातरतो की पोटात ओळखू येण्याजोगे काही उरतच नाही. माशाचे एखादे खवले, कानातला एखादा खडा, एवढ्यावरून कोण खाल्ले गेले ते ठरवावे लागते. "चोर सगळं पुसून जातो, पण चप्पल विसरतो," असे सर म्हणाले. मी त्या दिवसापासून त्यांचा झालो.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी आणि स्नेह्यांनी हा ग्रंथ काढायचे ठरवले आणि त्यांच्या संशोधनावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांचे अध्यापन, वसतिगृहासाठी त्यांनी घेतलेले कष्ट, याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी आपला माशांच्या पोटापुरता.

सर मूळचे आटपाडीकडचे. ज्या मुलखात विहिरीचा तळ दिसतो पण पाणी दिसत नाही, तिथल्या माणसाने आयुष्य माशांवर घालवावे याची त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ थट्टा केली. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत आपण जिवंत मासा पाहिला नव्हता, हे सर स्वतःच सांगतात. पण त्यांच्या विषयाची सुरुवात पाण्यात झालेलीच नाही. वडील मेंढरे राखत. कळप रानातून परत आला की वडील वाघुरात, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, उकिडवे बसून लेंड्या बोटांनी फोडत आणि कोणती मेंढी कोणत्या माळावर चरली ते सांगत. लहानग्या महिपतरावांनी एकदा विचारले, मेंढीला काय आवडते? वडील म्हणाले, "मेंढी काय खाती त्ये तिच्या लेंडीला इचार. मला इचारशील तर मी मला काय वाटतंय त्ये सांगीन." संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, मुंबई पाहिली, परदेशी पुस्तके वाचली, पण प्रयोगशाळेतली पद्धत मात्र सरांनी वडिलांचीच ठेवली. माशाला विचारायचे नाही, माशाच्या पोटाला विचारायचे.

आणखी एक गंमत सांगतो. सर मटण आवडीने खातात, मासा मात्र खात नाहीत. कारण विचारले तर म्हणतात, "ज्याचं जेवण मी मोजतो त्याचंच जेवण कसं करू?" त्यामुळे पोट तपासून झालेला मासा आम्हां विद्यार्थ्यांच्या मेसकडे जाई. आमच्या पिढीत प्राणिशास्त्राला विद्यार्थी जास्त का येत, याचे हे एक कारण आहे आणि ते नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

सरांची माया बोलून दाखवण्यातली नाही, प्रश्न विचारण्यातली आहे. माझे वडील अत्तर, सुरमा आणि उदबत्त्या विकत. उंब्रज, मसूर, कराड असे बाजार करत. इंटर झाल्यावर मी दुकानात बसावे, अशी त्यांची इच्छा होती. मी सरांना तसे पत्र लिहिले. पुढच्या बाजारच्या दिवशी सर उंब्रजला आमच्या पालासमोर हजर. माझ्या शिक्षणाचा शब्दसुद्धा काढला नाही. अब्बांच्या समोर मांडी घालून बसले आणि विचारू लागले, दोन खसांचे वास वेगळे का? उन्हाळ्यात मोगरा हलका का वाटतो? भेसळ नाकाला आधी कळते की बोटाला? दोन तास झाले. गिऱ्हाइके ताटकळली. अब्बा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आरं, ह्यो मानूस हाय तरी कोन? अत्तर घेत न्हाई, उठतबी न्हाई." मी सांगितले, आमचे सर आहेत. अब्बा म्हणाले, "मग जा की त्यांच्यासंगं. येवढं इचारनारा मानूस तुला फुकट न्हाई घालवायचा." माझे पुढचे शिक्षण असे झाले.

रोज्यांच्या महिन्यात सर मला दुपारचे काम देत नसत. पण त्या सवलतीची किंमत असे. दर तासाला ते येऊन विचारत, आता भूक किती आहे? दुपारी जास्त होती की आता? मी वैतागून एकदा म्हणालो, सर, मी मासा नाही. ते मनापासून म्हणाले, "तोच तर फायदा आहे, आतार, तुम्हांला विचारता येतं." आणि संध्याकाळी माईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, वाटीत खजूर घालून पाठवलेले असत.

आता मुख्य कामाकडे येतो.

कृष्णेत खडस नावाचा मोठ्या खवल्यांचा, ताकदवान मासा आहे. घशात दात असलेला. पावसाळ्यात तो काय खातो हे भोई लोकांना ठाऊक होते, पण हिवाळ्यात, पाणी निवळले, गार पडले की तो काय खातो, हे कोणालाच माहीत नव्हते. सरांनी डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी हाच प्रश्न घेतला. वय पन्नाशीपुढे. तोवर त्यांना पदवीची गरज वाटली नव्हती. पण विभागप्रमुख निवृत्त व्हायचे होते आणि त्या जागेवर डॉक्टरेट असलेलाच माणूस घ्यायचा, असे चालकांनी ठरवले होते. प्रबंध झाला तर सर प्रमुख होणार, नाही तर बाहेरून कोणी तरी येणार, हे सर्वांना माहीत होते.

मासे पुरवण्याचे काम सिदूनाना भोयांकडे होते. हरिपूरच्या वाटेवरच्या डोहात त्यांचे जाळे असे. सरांवर त्यांचा फार जीव. मासा आणला की सर आधी विचारत, कुठे मिळाला, किती वाजता, पाणी किती. मग घाटावरच चटई टाकून पोट उघडत. मी प्रत्येक गोष्ट लिहून घेई. पहिले दोन हिवाळे असे गेले. त्यांतला दुसरा हिवाळा फार कोरडा होता. घाटाच्या शेवटच्या पायऱ्यासुद्धा उघड्या पडल्या होत्या. त्या दोन्ही वर्षी बहुतेक पोटे रिकामी निघाली. थोड्यांत गोगलगायींच्या शिंपल्यांचा चुरा, थोड्यांत जोंधळ्याचे दाणे. सर हळहळत, "नाना, रिकाम्या पोटाचा मासा मला काय सांगणार? भरल्या पोटाचा बघा."

पुढच्या दोन हिवाळ्यांत नशीब उघडले. एकामागून एक खडस भरल्या पोटाचे येऊ लागले आणि भरलेले काय, तर जोंधळा. फुगलेला, उमललेला. सरांनी प्रबंधात लिहिले की हा मासा हिवाळ्यात नदीकाठी धुतल्या जाणाऱ्या आणि खळ्यांवरून उडालेल्या धान्यावर जगतो आणि पाचकरसाने दाणा असा उमलतो. मांडणी इतकी देखणी होती की वाचताना मलाच खडस व्हावेसे वाटले. युद्धामुळे मुंबईहून फॉर्मॅलिन येणे बंद झाले होते, म्हणून त्या दोन वर्षांची पोटातली द्रव्ये आम्ही मिठात घालून लोणच्याच्या बरण्यांत ठेवली होती. प्रबंध टंकलिखित होऊन विद्यापीठाकडे गेला. मी तेव्हा बी.एस्सी. होऊन विभागात हंगामी डेमॉन्स्ट्रेटर होतो.

श्रावणात एके दिवशी मी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "काल बरण्या साफ करत होतो. जोंधळ्याला हिंगाचा वास येतो."

सर उठून प्रयोगशाळेत आले, एकेक बरणी उघडून नाकाशी धरू लागले. त्यांना वास येईना. त्यांनी माईंच्या डब्यातला हिंग मागवला, कोरा जोंधळा मिठात ठेवला, हिंगाचा जोंधळा मिठात ठेवला आणि आठ दिवसांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधून मला ओळखायला लावले. मी एकही चुकलो नाही. रुमाल सोडताना सर म्हणाले, "कृष्णेकाठी हिंग पिकत नाही. चला नानांकडे."

सिदूनाना घरासमोर जाळे दुरुस्त करत बसले होते. सरांनी विचारले, नाना, खडस कसा धरता?

"आवं मास्तर, तुमीच म्हनला व्हता न्हवं, रिकाम्या पोटाचा काय कामाचा न्हाई?" नाना म्हणाले. "थंडीत खडस कुटला खातुय. मग आमी चार दिस डोहात हिंग लावलेल्या जोंधळ्याच्या घुगऱ्या टाकायचो. चटावला, पोट भरलं, की गळाला घ्यायचा."

"पण गळ मला कधी दिसला नाही."

त्यावर आतून नानांच्या पत्नी गंगूबाई बाहेर आल्या. "गळ टोचल्यालं त्वांड पावन्याला कसं द्यायचं? मी नीट काढून, धुऊन द्यायची. तुमी कवा त्वांड बघितलंच न्हाई."

नाना ओशाळले होते. "तुमी कुटं घावला त्ये इचारलं, किती वाजता त्ये इचारलं. कसा घावला त्ये कुटं इचारलं, मास्तर? इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

सरांनी मान हलवली. "खरं आहे नाना. मी पोटाच्या वर कधी पाहिलंच नाही." मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, घुगऱ्या किती हिवाळे टाकल्या? नानांनी आठवून पाहिले. "दोन असतील, तीन असतील. चारबी असतील. मला काय ध्यानात न्हाई बगा."

परतताना सर घाटावर थांबले. मला वाटले, आता ते रागावतील किंवा रडतील. ते म्हणाले, "आतार, गंमत पाहा. थंडीत खडस खात नाही, हे नानांना माहीत होतं. मी चार वर्षं ज्याचा शोध घेत होतो ते नानांना माहीत होतं आणि मी त्यांना रिकाम्या पोटांबद्दल दोष देत होतो." त्यांच्या आवाजात दुःख होते, नाही असे नाही. पण त्याहून अधिक असे काही तरी होते की मला त्यांचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहून प्रबंध परत मागवला. सहकाऱ्यांनी समजावले. परीक्षकांना हिंगाचे कुठे कळणार आहे, असेही एकाने म्हटले. सर म्हणाले, "मला कळलंय ना." कोणत्या माशाचे पोट नदीने भरले आणि कोणत्या माशाचे नानांनी, हे सांगता येत नव्हते. पहिल्या दोन हिवाळ्यांची द्रव्ये फॉर्मॅलिनमध्ये, त्यांना दुसरा वास उरलाच नव्हता. म्हणून त्यांनी चारही हिवाळ्यांच्या नोंदींवर निळ्या शाईने रेघ मारली. त्या वर्षअखेरीस बाहेरून एक तरुण गृहस्थ विभागप्रमुख होऊन आले. त्यांचे स्वागताचे भाषण सरांनी केले आणि चांगले केले.

मग सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुके असते तोवर खडसाला जाळे दिसत नाही, ही युक्ती नानांनीच सांगितली. गेली पाच वर्षे ते धुक्यातले मासे आम्ही पाहत आहोत. आता पहिला रकाना तोंडाचा असतो. रिकाम्या पोटाला स्वतंत्र पान असते. चित्र हळूहळू स्पष्ट होत आहे: खडस थंडीत बहुधा उपाशी राहतो, कधी गोगलगाय फोडतो, काठावरचे उंबर पाण्यात पडले तर सोडत नाही. पण या पाच वर्षांत तो दुसऱ्या हिवाळ्यासारखा आटलेला हिवाळा पुन्हा आला नाही. पाणी फार उतरले की हा मासा काय करतो, घाटावर धुतल्या जाणाऱ्या धान्याकडे वळतो का, याची एकही विश्वासाची नोंद आपल्याकडे नाही, ही खंत सरांनी मला किती वेळा बोलून दाखवली, त्याला गणती नाही. सर निवृत्त झाले, काम अपुरे आहे.

इथवर लिहून मी थांबलो होतो. गौरवलेख म्हणून एवढे पुरले असते. पण सरांविषयी लिहायचे आणि वहीत खोटी नोंद ठेवायची, हे जमेना.

बरण्या साफ करताना मला वास आला, हे खोटे आहे. अत्तरवाल्याच्या मुलाला हिंग ओळखायला श्रावण लागत नाही. तिसऱ्या हिवाळ्यातला पहिला खडस घाटावर उघडला, तेव्हाच वास आला होता. त्यानंतर प्रत्येक माशाला आला. मी गप्प राहिलो. सर प्रमुख झाले की माझी हंगामी जागा कायम होणार होती आणि अब्बांना मी तसे कळवून बसलो होतो. प्रबंध गेला. मग ऋणनिर्देशात सरांनी माझ्याविषयी काय लिहिले आहे ते मी कार्बन प्रतीत वाचले आणि मला अन्न गोड लागेना. तेव्हा जाऊन अर्धे खरे सांगितले. अर्धेच, कारण वास केव्हापासून येतो हे सांगितले असते, तर मी केव्हापासून गप्प आहे हेही सांगावे लागले असते. नानांना आठवेना तेव्हा मी शेजारीच उभा होतो. निळ्या रेघा मारताना वही मीच धरली होती. याची मला लाज वाटते आणि ती पाच वर्षांत कमी झालेली नाही.

छापण्याआधी हा मजकूर सरांनी वाचावा म्हणून मी तो घरी नेऊन दिला आणि न थांबता निघून आलो. दोन दिवसांनी कागद परत आले. मला वाटले होते तसे काही नव्हते. क्षमा नाही, राग नाही. आटपाडीच्या विहिरींबद्दल मी अतिशयोक्ती केली आहे, असे एके ठिकाणी लिहिले होते. आणि कबुलीच्या परिच्छेदाशेजारी समासात, पेन्सिलीने, घाईघाईच्या अक्षरात:

"म्हणजे पहिल्या दोन हिवाळ्यांत, मासे ताजे उघडताना, वास नव्हता? नक्की? तसे असेल तर ती दोन्ही वर्षे खरी आहेत. आटलेल्या हिवाळ्यातला जोंधळाही खरा. नीट आठवून लेखी कळवा. वह्या काढून ठेवल्या आहेत."

सरांना आणि माईंना उदंड, निरामय आयुष्य लाभो, त्यांचे डोळे आणि गुडघे घाटाच्या पायऱ्यांना पुरून उरोत आणि हे काम त्यांच्याच हातून पुरे होवो, ही आम्हां सर्वांची इच्छा. लेखी उत्तर मी इथेच, सर्वांसमक्ष देतो.

सर, पहिल्या दोन हिवाळ्यांत एकाही माशाला वास नव्हता.